मॉरिशस: वारा बघून मुक्काम, घड्याळ बघून बस

मॉरिशस बेट उत्तर-दक्षिण जेमतेम 65 किलोमीटर आणि रुंदीला 45. नकाशा बघितला की वाटतं, कुठेही राहा, दिवसभरात सगळीकडे पोचता येईल. सहल कंपन्याही तसंच विकतात: एक दिवस उत्तर, एक दिवस दक्षिण, एक दिवस बोट. गाडीत बसायचं, उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा गाडीत. आम्ही लिहितोय ते पॅकेज न घेता, बसने आणि पायी बेट बघणाऱ्यांसाठी. त्यात दोनच गोष्टींवर सगळं अवलंबून असतं: वारा कुठून वाहतोय आणि शेवटची बस किती वाजता आहे.

आधी वारा. इथे वर्षातला बहुतेक काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि त्यांचा जोर जून ते सप्टेंबरमध्ये सर्वात जास्त असतो. हा तिथला हिवाळा. या महिन्यांत पूर्व किनाऱ्यावरच्या बेल मारला खोली घेतली, तर पुळणीवर वाळू अंगावर उडते, पाणी खवळलेलं असतं आणि संध्याकाळी बाहेर बसवत नाही. त्याच दिवशी पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाक किंवा तामारँला समुद्र तळ्यासारखा पडलेला असतो, कारण मधला डोंगराळ भाग वारा अडवतो. वायव्येकडचे त्रू ओ बिश आणि माँ श्वाझी हे किनारेही तेव्हा बरे. डिसेंबर ते मार्च मात्र उलट विचार करावा. पश्चिमेला उकाडा असह्य होतो आणि पूर्वेची झुळूक हवीशी वाटते. हॉटेलांच्या जाहिरातीत हा फरक कुठेच सांगत नाहीत. जुलैत पूर्वेकडच्या खोल्या स्वस्त दिसल्या, तर कारण हेच.

आमच्या मते सर्वात चांगले महिने दोन टोकांचे: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोव्हेंबरच्या शेवटी लिची पिकते, रस्त्याकडेला जुड्या बांधून विकतात. मधल्या पठारावरचं क्युरपीप मात्र कोणत्याही महिन्यात भरवशाचं नाही. ते साधारण 550 मीटर उंचीवर आहे आणि खाली लख्ख ऊन असताना तिथे झिमझिम चालू असते. जुलै-ऑगस्टच्या रात्री तिथे स्वेटर लागतो. मुंबईहून फक्त चड्ड्या-टीशर्ट घेऊन आलेली माणसं क्युरपीपच्या बस स्थानकावर कुडकुडताना हमखास दिसतात.

मुंबईहून थेट विमान साधारण सहा तास घेतं. घड्याळ दीड तास मागे करायचं. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही, उतरल्यावर शिक्का मिळतो. पण परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे आहेत याचा पुरावा विचारतात. हे सगळं कागदावर छापून जवळ ठेवावं, कारण मोबाइलचं रोमिंग नेमकं त्या रांगेत चालत नाही. निघण्याआधी त्यांचा ऑनलाइन प्रवास-अर्जही भरायचा असतो.

सामानात दोन गोष्टी घात करतात. पहिली औषधं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल आणि झोपेच्या काही गोळ्या तिथे नियंत्रित यादीत आहेत. आपल्याकडे सहज मिळतात म्हणून पिशवीत टाकू नयेत. लागतच असतील तर आधी परवानगी घ्यावी, आणि साध्या औषधांसोबतही चिठ्ठी असू द्यावी. दुसरी, घरचा ताजा माल: आंबे, कढीपत्ता, रोपं, बियाणं. बेटावरचं शेत-जंगल बाहेरच्या किडीपासून जपण्यासाठी हे परवान्याशिवाय आत येऊ देत नाहीत. कोरडा शिधा, चिवडा, लाडू नीट बांधलेले असले तर त्रास होत नाही. ई-सिगारेट आणि सिगारेट वळायचे कागद घरीच ठेवावेत. विजेचं सॉकेट बहुतेक ठिकाणी ब्रिटिश धर्तीचं, तीन चौकोनी पिनांचं असतं. त्याचा अ‍ॅडॅप्टर दादर-पुण्यात स्वस्तात मिळतो, तिथल्या हॉटेलात शोधत बसू नये.

तिथला रुपया आपल्या साधारण पावणेदोन ते दोन रुपयांना पडतो. फेब्रुवारी 2024 पासून मॉरिशसमध्ये भारतीय यूपीआय चालू झालं आहे आणि मोठ्या दुकानांत, मॉलमध्ये ते उपयोगी पडतं. पण बसचा कंडक्टर, ढोलपुरीवाला, बाजारातली भाजीवाली यांना नोटच लागते. शंभर-दोनशेच्या नोटा आणि चिल्लर जवळ हवी. दोन हजारांची नोट बसमध्ये काढली, तर कंडक्टर काही बोलणार नाही, पण चेहरा सांगेल. एटीएममधून हजार-दोन हजारच्याच नोटा आल्या, तर आधी सुपरमार्केटमध्ये पाण्याची बाटली घेऊन मोडून घ्याव्यात.

आता बस. बेटावर जवळपास कुठेही बस जाते आणि तिकीट टॅक्सीच्या मानाने नगण्य असतं. गाड्यांवर अशोक लेलँडचं नाव वाचून घरच्यासारखं वाटतं, आवाजही तोच. वाहतूक डावीकडून, म्हणून रस्ता ओलांडताना गोंधळ नाही. थांब्यावर उभं राहून हात दाखवायचा. नुसतं उभं राहिलं तर बस निघून जाते. आत बसल्यावर कंडक्टर येतो, उतरायचं ठिकाण सांगायचं, पैसे द्यायचे. तिकीट उतरेपर्यंत फेकायचं नाही, मध्येच तपासनीस चढतो. उतरण्याआधी घंटीचं बटण दाबायचं. मोठी बॅग असेल तर बस नकोच. सामान ठेवायला जागा नसते आणि गर्दीच्या वेळी दारातली बॅग म्हणजे सगळ्यांच्या शिव्या. म्हणून विमानतळ ते मुक्काम टॅक्सीने, बाकी सगळं बसने, असा हिशेब ठेवावा. टॅक्सीत मीटर धरून कुणी चालत नाही. बसण्याआधी आकडा ठरवायचा, आणि परतीचं थांबणं त्यात धरलंय की नाही हेही विचारायचं. भांडण नेहमी त्या थांबण्यावरूनच होतं.

फलकावरची गावं फ्रेंच लिखाणात असतात आणि शेवटची अक्षरं बोलण्यात गिळली जातात. इंग्रजी वाचल्यासारखं नाव उच्चारलं तर कंडक्टरला कळत नाही. कात्र बोर्न, माहेबूर, सुयाक, ग्राँ बे असं म्हणावं. तरीही जमलं नाही, तर नाव मोबाइलवर लिहून दाखवावं. इंग्रजी बहुतेकांना समजतं, हिंदी बऱ्याच जणांना सिनेमांमुळे समजतं, पण आपसात सगळे क्रिऑल बोलतात.

बसजाळ्याची मेख अशी की बहुतेक मार्ग राजधानी पोर लुई किंवा क्युरपीपला जाऊन मिळतात. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन किनाऱ्यांमध्ये थेट बस असेलच असं नाही. ग्राँ बेहून फ्लिक आँ फ्लाकला जायचं म्हणजे आधी पोर लुई, तिथे स्थानक बदल, मग पुढची बस. पोर लुईत स्थानकं दोन: उत्तरेकडच्या बस इमिग्रेशन स्क्वेअरला, दक्षिण-पश्चिमेच्या आणि पठाराच्या बस व्हिक्टोरियाला. दोन्हींमध्ये बाजारातून पायी पंधरा-वीस मिनिटं लागतात. या बदलात अर्धा-पाऊण तास सहज जातो. म्हणून 30 किलोमीटरच्या प्रवासालाही दोन तास धरावेत. दुपारी शाळा सुटतात तेव्हा, अडीच ते चारच्या दरम्यान, बसमध्ये उभं राहायलाही जागा मिळत नाही.

आणि शेवटची बस. शहरी मार्गांवर गाड्या रात्री आठपर्यंत धावतात, खेड्यांकडच्या साधारण साडेसहालाच संपतात. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी त्याहून विरळ. फसगत हिवाळ्यात होते. जूनमध्ये पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. नैऋत्य टोकाच्या ले मॉर्नला सूर्यास्त बघून निघालो म्हणजे बस मिळेलच, ही समजूत महागात पडते. तिथून रात्री टॅक्सी मिळणं कठीण आणि मिळाली तर भाव तिचाच. सकाळी उतरतानाच कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचारून ठेवायची आणि तिच्या आधीची पकडायची.

पोर लुई ते क्युरपीप या पट्ट्यात मेट्रो हा उत्तम पर्याय आहे. 2019 च्या अखेरीस पहिला टप्पा सुरू झाला, 2022 मध्ये ती क्युरपीपपर्यंत पोचली. बांधकाम भारताच्या मदतीने, लार्सन अँड टुब्रोने केलेलं. रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा ही गावं ओळीने लागतात. आमचा आवडता उद्योग म्हणजे कात्र बोर्नला मुक्काम ठेवणं. किनारा नाही, पण मेट्रो आहे, गुरुवारी आणि रविवारी कपड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि तिथून तामारँ, ब्लॅक रिव्हर, ले मॉर्नवरून बे दू काप या गावाला थेट बस जाते. ती बस म्हणजे पश्चिम किनाऱ्याची पूर्ण सहल, तीही साध्या तिकिटात. डावीकडच्या खिडकीत डोंगर, उजवीकडे अधूनमधून समुद्र. जाताना उजवीकडे बसावं.

बाजारांचे वार लक्षात ठेवले तर दिवस आपोआप ठरतात: माहेबूर सोमवारी, फ्लाक बुधवारी आणि रविवारी. पठारावरच्या गावांत गुरुवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद, पोर लुईत शनिवारी दुपारनंतर शुकशुकाट. पोर लुईसाठी आठवड्यातली सकाळच द्यावी.

तिथल्या मंडईत आधी खायचं, मग हिंडायचं. ढोलपुरी म्हणजे पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून, कोरडी वाटून, कणकेऐवजी मैद्यात भरून लाटलेली पातळ, मऊ पोळी. आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण समजा. नेहमी जोडीने देतात. आत पांढऱ्या मोठ्या घेवड्याची रस्सा-भाजी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा लाल रस्सा, कोथिंबिरीची चटणी, लोणचं आणि मिरचीचा ठेचा. हा ठेचा आपल्याला झेपेल असा समज करून घेऊ नये. ‘ति पे पिमाँ’, म्हणजे थोडीच मिरची, असं सांगावं. उभ्यानेच, कागदात धरून, पुढे वाकून खायचं, नाहीतर रस्सा शर्टावर. सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान पोळ्या ताज्या असतात. दुपारनंतर त्या चिवट होतात आणि चांगल्या गाड्या तोवर संपवून निघूनही गेलेल्या असतात. रांग सर्वात लांब कुठे आहे ते बघून उभं राहावं. इथे तो नियम खरा ठरतो.

त्याच्या जोडीला गातो पिमाँ. भिजवलेली डाळ जाडसर वाटून, त्यात हिरवी मिरची आणि कांद्याची पात घालून तळलेले छोटे डाळवडे. लोक ते लोणी लावलेल्या पावात चेपून नाश्त्याला खातात. वडापाव खाणाऱ्याला शिकवायची गरज नाही. वर आलुदा, म्हणजे दूध, सब्जा आणि अगर-अगरच्या शेवया. फालुद्यापेक्षा पातळ आणि कमी गोड.

शाकाहारी माणसाचे हाल इथे होत नाहीत, पण डोळे मिटूनही चालत नाही. तळलेल्या नूडल्समध्ये अंडं, कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. रुगायमध्ये काही ठिकाणी खारवलेला मासा घालतात आणि लाल रश्श्यात तो दिसत नाही. ‘सान लाव्यान, सान प्वासों, सान दिझेफ’ हे वाक्य पाठ करावं: मांस नको, मासा नको, अंडं नको. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर मासा चालतो असा अर्थ घेणारे भेटतात. बोटीच्या सहलीत जेवण म्हणजे भाजलेली कोंबडी आणि मासा; तिथे आदल्या दिवशी सांगितलं नाही तर पाव आणि कोशिंबिरीवर दिवस काढावा लागतो.

मंडईपासून आप्रवासी घाट पाच मिनिटांवर. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून भारतीय करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी या बंदरात आली. नंतर याच ठिकाणी 1849 मध्ये उतरणाऱ्यांसाठी आवार बांधलं गेलं. काळ्या दगडाच्या 16 पायऱ्या आहेत, त्या चढून माणसं ऊसमळ्यांकडे गेली. 2006 पासून ही जागा जागतिक वारशात आहे. बरेच जण पायऱ्यांचा फोटो काढून निघतात. शेजारचं माहितीदालन बघितल्याशिवाय त्या पायऱ्यांचा अर्थ लागत नाही. रविवारी जाऊ नका. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची माणसं होती. कुणाला पणजोबांचा माग काढायचा असेल तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. नुसत्या आडनावावर शोध लागत नाही, कारण कारकुनाने ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहून घेतलं. जहाजाचं नाव, वर्ष किंवा मजूर-क्रमांक यांपैकी एक तरी घेऊन जावं.

समुद्राबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इस्पितळात पोचणारे पर्यटक बहुधा इथूनच जातात. बेटाला प्रवाळाचा कठडा आहे आणि त्याच्या आत शांत, उथळ पाणी. म्हणून किनारे सुरक्षित, असं सगळे सांगतात. पण तळाशी मेलेलं प्रवाळ, समुद्री साळिंदर आणि दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासा असतो. अनवाणी उतरायचं नाही. जाड तळाचे प्रवाळ-बूट कोणत्याही सुपरमार्केटमध्ये मिळतात. पहिल्या दिवशीची पहिली खरेदी तीच असावी. दगडमाशाचा काटा बसला तर वेदना भयंकर असते. पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, कारण ते विष प्रथिनाचं असतं आणि उष्णतेने त्याचा जोर उतरतो, आणि तसंच इस्पितळ गाठायचं. बर्फ लावायचा नाही. रुग्णवाहिकेचा क्रमांक 114, पोलिसांचा 999.

दुसरा धोका प्रवाळाच्या कठड्यातल्या फटींचा. ओहोटीला आतलं सगळं पाणी त्या फटींतून बाहेर धावतं आणि पोहणाऱ्याला सोबत नेतं. किनाऱ्यावरून नीट बघितलं तर लाटांची पांढरी रेघ जिथे तुटते तिथेच फट असते. तिच्या समोर पोहायचं नाही. ओढले गेलातच तर प्रवाहाशी झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा. आणि दक्षिणेला ग्री ग्रीला कठडाच नाही. लाटा थेट कड्यावर आदळतात. बघायला बेटावरची सर्वात देखणी जागा, पण पाण्यात पाऊलही टाकू नये.

भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सार्वजनिक आहे, मागे कितीही महागडं हॉटेल असो. रखवालदाराने हटकलं तर नम्रपणे चालत राहावं. खुर्च्या मात्र हॉटेलच्या. शंख-प्रवाळ उचलून आणायचं नाही, विमानतळावर काढून घेतात. तामारँच्या पहाटेच्या डॉल्फिन सहलींबद्दल आमचं मत वाईट आहे. डझनभर बोटी चार डॉल्फिनच्या मागे लागतात आणि माणसांना त्यांच्या तोंडापुढे उड्या मारायला लावतात. त्याऐवजी ब्लू बेला काचतळाच्या बोटीतून प्रवाळ बघा, किंवा ईल ओ एग्रेत या छोट्या बेटावर मार्गदर्शकासोबत जा. तिथे गुलाबी कबूतर आणि महाकाय कासवं दिसतात.

ले मॉर्न डोंगर 556 मीटरचा, तोही जागतिक वारशात, 2008 पासून. गुलामीतून पळालेली माणसं इथे लपत. 1 फेब्रुवारी 1835 ला बेटावर गुलामी संपली आणि तो दिवस आजही सुट्टीचा आहे. चढाई जाऊन-येऊन तीन ते चार तासांची. अर्धा रस्ता रुंद, सोपा, कुणीही जावं. खाली खारकच्छाचं निळं-हिरवं पाणी तिथूनही पुरेपूर दिसतं. त्यापुढे कातळ आहे, हात-पाय दोन्ही वापरावे लागतात. सह्याद्रीतले किल्ले चढणाऱ्याला अवघड नाही, पण पाऊस पडून गेला असेल तर त्या काळ्या दगडावर बूट टिकत नाही, तेव्हा परतावं. उतरताना तोंड डोंगराकडे ठेवून, शिडी उतरतो तसं उतरायचं. बसून घसरत येणारेच अडकतात. ही वाट दुपारची नाही. सकाळी सातलाच चालायला लागावं, कारण दहानंतर त्या कातळावर सावली नसते. माणशी दोन लिटर पाणी. क्रॉस रोवलेल्या जागेच्या पुढे वाट नाही.

गंगा तलावाला, म्हणजे ग्राँ बासँला, एरवी बस कमी. क्युरपीपहून टॅक्सी ठरवून शामारेल आणि ब्लॅक रिव्हर दरीचं दर्शन एकाच फेरीत उरकावं. तलावावरची माकडं पिशवी हिसकावतात. प्रसाद हातात मिरवू नये. शंकराची मूर्ती 108 फुटांची आहे. महाशिवरात्रीला मात्र सारं बेट पायी कावडी घेऊन तिकडे निघतं आणि रस्ते काही दिवस आधीपासून तुंबतात. त्या आठवड्यात एक तर त्यांच्यासोबत चालावं, वाटेत जागोजाग फुकट खाणं-पाणी मिळतं, नाहीतर दक्षिणेकडे फिरकू नये.

गणपतीत गेलात तर लक्षात ठेवा, सार्वजनिक सुट्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते, कारण दीड दिवसाचं विसर्जन त्या दिवशी असतं. दुपारनंतर किनाऱ्यांवर आणि नद्यांवर मिरवणुका येतात. झाकरी म्हणून जो नाच होतो तो कोकणातला जाखडी. मराठी घरांतून पाहुण्याला जेवायला बोलावतात. जाताना महाराष्ट्रातून काहीतरी नेलंत तर बरं, पण ओलं फळ किंवा ताजी फुलं नकोत.

1 नोव्हेंबर ते 15 मे हा चक्रीवादळांचा मोसम. इशारे चार पायऱ्यांत येतात. पहिला वादळाच्या दीड-दोन दिवस आधी: रोख रक्कम, पाणी, पाव, मेणबत्त्या घेऊन ठेवायच्या. दुसरा लागला की दूरच्या सहली रद्द करून मुक्कामी परतायचं. तिसऱ्याला बस बंद, दुकानं बंद, सगळ्यांनी घरात. चौथा ताशी 120 किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष नोंदवले गेल्यावर. पहिल्याच इशाऱ्याला विमान कंपनीशी बोलून घ्यावं. तिसऱ्यानंतर विमानतळावर जाताही येत नाही. मध्येच वारा एकदम पडला आणि ऊन दिसलं तर बाहेर पडू नये. तो वादळाचा डोळा असू शकतो आणि थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो. वादळानंतर काही दिवस नळाचं पाणी उकळूनच प्यावं.

विमानतळ आग्नेय टोकाला आहे. उत्तरेत राहून शेवटच्या सकाळी निघालं तर पोर लुईच्या गर्दीत अडकायची भीती असते. शेवटची रात्र माहेबूर किंवा ब्लू बेला काढावी, तिथून टॅक्सीने फार तर वीस मिनिटं. ती सकाळ सोमवारची असेल तर माहेबूरच्या बाजारातून सुक्या मिरच्या, व्हॅनिला आणि डब्याबंद लोणची घेता येतात. लोणच्याच्या बाटल्या मोठ्या बॅगेत टाकाव्यात, हातातल्या पिशवीत सुरक्षा तपासणीत अडवतात.